आप्पा विसरतात, पण चालायला आधी तुम्ही निघा

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

मी ४४ वर्षांची. जुळे सोलापूरला राहते, घरीच शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. सासऱ्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, वय ७३. आधी गिरणीत साच्यावर, गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागात यंत्रमागावर, असं त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. वर्षभरापासून ते विसरायला लागलेत. निरोप सांगितला तर पुढे पोचत नाही, ओळखीच्यांची नावं आठवत नाहीत, एकच गोष्ट दोनदा विचारतात. दिवसभर टीव्हीसमोर असतात आणि आवाज इतका मोठा की शेजारचे सांगायला येतात. मी शब्दकोड्यांची पुस्तकं आणून दिली, मेडिकलमधून ब्राह्मीचं सिरप आणलं. जाऊबाई म्हणतात, त्यांना रोज चालवा, मेंदूला चांगलं असतं. चालून पाय मजबूत होतील, मेंदूला काय होणार? मुलगा दहावीत गेला म्हणून त्याची कबड्डी बंद केली, तर तो चिडचिडा झालाय. यांना शुगर आहे, दुकानात बसून असतात. माझं बीपी थोडं वर असतं, गोळी अजून घेत नाही. व्यायामाला वेळ नाही, दिवसभर राबते तोच व्यायाम. काय करावं?
ता. क. हे म्हणतात हप्त्यावर ट्रेडमिल घेऊ. घ्यावी का?

ताई,

पत्रात सगळ्यात जास्त जागा आप्पांना मिळाली आहे, मुलाला आणि यजमानांना थोडी, आणि स्वतःला जाता जाता. मला हे माप उलटं करावंसं वाटतं. या घरात चालण्याचा मेंदूला सर्वांत जास्त उपयोग होईल तो तुम्हा नवरा-बायकोला. पण तुमचा जीव आप्पांत अडकलाय, तेव्हा आधी त्यांचंच बोलू.

टीव्हीच्या आवाजाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. माझं लक्ष तिथेच अडलं. उभं आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला नीट ऐकू येतंय का, हे कुणी तपासलंय? मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. तिथली माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात ती हौस म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं असा आवाज कानावर पडला की आधी बारीक, तीव्र स्वर ऐकू येईनासे होतात. मग माणसाला आवाज कळतो, शब्द कळत नाही. निरोप पुढे पोचत नाही तो कदाचित विसरल्यामुळे नसेल, मुळात आप्पांपर्यंतच पोचला नसेल. ‘काय म्हणालीस?’ असं सुनेला तीनदा विचारायची लाज वाटते, म्हणून मान डोलावून मोकळं व्हायचं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हे चालू आहे आणि घरचे त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतात.

दुसरं असं की ऐकू न येणं हे स्वतःच मेंदूला जड जातं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली, तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू तरी शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. बहिरेपणा त्या यादीत ठळकपणे आहे. त्याच यादीत मधुमेह, उच्च रक्तदाब, हालचालीचा अभाव आणि एकटेपणा आहेत. तुमच्या एका पत्रात यातलं किती काही आलंय ते बघा.

म्हणून चालण्याच्या आधी तपासणी. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, सिव्हिलमध्ये गेलात तरी चालेल. कधीकधी नुसता मळ निघतो आणि अर्धं काम होतं. सोबत रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व बघून घ्या. बी-१२ कमी असेल तरी विसरायला होतं, आणि ते भरून काढता येतं. आप्पा सध्या कोणकोणत्या गोळ्या घेतात ते कागदावर लिहून न्या. झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं बधिर करतात. ते उदास असतात का, हेही डॉक्टरांना सांगा. गिरणी बंद पडलेली माणसं आतल्या आत किती गप्प झाली, हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही.

नाव चटकन न आठवणं वयाला धरून असू शकतं. पण नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, पैशांचे साधे हिशेब जमेनासे झाले, गॅस चालू राहायला लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यात दिवस घालवू नका. आणि चांगला माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर ते म्हातारपण नाहीच. जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, पक्षाघात, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ वर गेला की पाणी कमी पडूनही असं होतं.

आता तुमचा खरा प्रश्न: चालून मेंदूला काय होणार?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण घेतो त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. शिवाय त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. गोदाम नसलेल्या कारखान्यासारखं त्याचं आहे, माल ज्या त्या वेळी दारात यायलाच हवा. हा माल रक्तातून येतो. म्हणजे ज्याने हृदय आणि रक्तवाहिन्या चांगल्या राहतात, त्याने मेंदू चांगला राहतो. चालण्याचा फायदा आधी इथे होतो. रक्तदाब उतरतो, साखर स्नायूंत खपते, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या लवचीक राहतात. त्यापुढे आणखी एक गोष्ट आहे. व्यायामाने मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढतं. चेतापेशी टिकवायला आणि त्यांच्यात नवे जोड तयार व्हायला ते लागतं. झोप सुधारते, मन हलकं होतं, त्याचा हिशेब वेगळाच.

२०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ ते ८० वयाचे, फारशी हालचाल नसलेले १२० जण घेतले. निम्म्यांना आठवड्यातून ३ दिवस ४० मिनिटं चालवलं, निम्म्यांना हातपाय ताणायचे हलके व्यायाम दिले. वर्षानंतर मेंदूची स्कॅन केली. आठवणी तयार करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा छोटा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला होता. दुसऱ्या गटात तो वयाप्रमाणे थोडा आकसला होता. त्या वयात हा भाग वर्षाला एक-दोन टक्के आकसतो, म्हणजे घड्याळाचे काटे जरासे मागे फिरले.

तुमच्या जाऊबाईंचा मुद्दा इथे खरा ठरतो. पण मी एवढ्यावर थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ७० ते ८९ वयाच्या १६०० हून अधिक लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम दिला आणि उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. शेवटी स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधून दुसरा निकाल आला. तिथे ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांतल्या निम्म्यांना व्यायामासोबत आहार, मेंदूला चालना देणारे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, आणि त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली राहिली. मला यातून असं दिसतं की सत्तरीनंतर नुसत्या चालण्याला गोळीसारखं धरून बसू नये. कान, साखर, बोलायला माणूस आणि चालणं हे सगळं जोडीने व्हावं. स्मृतिभ्रंश एकदा जडला की व्यायामाने अंगात ताकद येते, पण आजार थांबतो असं दिसलेलं नाही. तुम्हाला कुणी तसं वचन देत असेल तर विश्वास ठेवू नका. ब्राह्मीच्या सिरपचंही तेच. आप्पांना आवडत असेल तर डॉक्टरांना दाखवून द्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नका. शब्दकोडी त्यांना नको असतील तर ठेवून द्या. आयुष्यभर ज्याने धागा जोडला त्याला आडवे-उभे शब्द कशाला? त्यापेक्षा भजनी मंडळात टाळ धरू द्या. नवी चाल शिकायची, ठेका सांभाळायचा, चार माणसांत बसायचं.

तर आप्पांना चालवायचं कसं? ‘रोज फिरून या’ म्हटलं की असा माणूस कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जातो आणि परत येतो. त्यांना जायला ठिकाण हवं. आपल्या शहरात सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली ६८ लिंगं आहेत, आणि संक्रांतीला तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज त्या वाटेने फिरतात. आप्पा कधीतरी त्या मिरवणुकीबरोबर गेले असतीलच. त्यांना सांगा, नातवाला एकेक लिंग दाखवा. रविवारी दोन-तीन, रिक्षाने जवळ जायचं आणि पुढचं पायी. वाट आठवणं, खुणा ओळखणं, कुठल्या बोळातून कुठे निघतो ते सांगणं, हे काम हिप्पोकॅम्पसचंच आहे. नातवाला वाट दाखवायची आहे म्हटल्यावर आप्पा घरी बसणार नाहीत, आणि मुलालाही पुस्तकातून मान वर काढायला निमित्त मिळेल. भाविक नसाल तर किल्ल्याची बाग, सिद्धेश्वर तळ्याचा काठ, घराजवळचा कंबर तलाव, काहीही चालेल. सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी.

चालण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तोल. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. म्हाताऱ्या माणसाचं पडणं वाईट. मांडीचं हाड मोडलं की खाट, खाट धरली की डोकं आणखी मंद, आणि डोक्यालाच मार बसला तर तो स्मृतिभ्रंशाच्या यादीतच आहे. घरी करायला सोपं: हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, आठ-दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल ठेवून, भिंतीला हात लावून उभं राहायचं. पहिले काही दिवस तुम्ही किंवा मुलगा शेजारी उभे राहा.

आता तुमच्याकडे येते.

‘दिवसभर राबते तोच व्यायाम’ असं पत्रांतून आणि ओपीडीतून मला बायका सतत सांगतात. त्या खोटं बोलत नाहीत. झाडलोट, धुणं, जिने चढणं हे सगळं धरायचंच असतं. पूर्वी सलग १० मिनिटांच्या खाली केलेली हालचाल मोजायची नाही असा दंडक होता, तोही २०२० मध्ये काढून टाकला. पण तुमचा दिवस नीट आठवून बघा. शिलाई मशीनवर किती तास? हात-पाय हलतात, धाप लागत नाही. भाकरी थापताना उभं राहावं लागतं, पण हृदयाला घाई होत नाही. थकवा येतो तो खरा, मात्र थकवा आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी. कसोटी साधी आहे. हालचाल चालू असताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, असा जोर लागला की ती मध्यम व्यायामात धरायची. असा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं हवा. शिवाय दोन दिवस ताकदीचे.

तुमच्याच वयात हे का? कारण स्मृतिभ्रंशाचे मेंदूतले बदल लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधी सुरू होतात. तुमची सत्तरी आत्ता चाळीशीत घडतेय. लॅन्सेटच्या त्या यादीत रक्तदाब, मधुमेह आणि हालचालीचा अभाव ही कारणं मध्यमवयाच्या रकान्यात मांडली आहेत, ती त्यासाठीच. ‘बीपी थोडं वर’ असं तुम्ही लिहिलंय. थोडं म्हणजे किती? आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. १४० च्या वर किंवा खालचा आकडा ९० च्या वर राहत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी टाळण्यात शहाणपण नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल २०१९ मध्ये आला. त्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांत वरचा आकडा १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य ठेवलं, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. चालण्याने बीपी थोडं उतरतं. गोळी लागणाऱ्याची गोळी त्याने आपोआप सुटत नाही.

वेळ कुठून काढायचा? माझ्याकडे जादू नाही. पण तुमच्या घरात चार माणसं आहेत आणि सकाळचा डबा एकट्या तुमच्या डोक्यावर आहे, असा माझा अंदाज. आठवड्यातले चार दिवस अर्धा तास तुमचा, त्या वेळी गॅस यजमानांच्या हवाली. चहा आणि उपमा करायला पदवी लागत नाही. शेजारच्या दोघी सोबत घ्या, म्हणजे कुत्र्यांची भीती कमी आणि दांडी मारायला लाजही वाटते. ताकदीसाठी सूर्यनमस्कार पुरे, बीपी आटोक्यात आल्यावर हळूहळू वाढवा. मशीनवर तासभर झाला की उठून घरात चार फेऱ्या मारा. फोनमध्ये पावलं मोजली जातात तीही बघा. ब्रिटनमधल्या ७८ हजारांहून अधिक लोकांच्या पावलांचा २०२२ मध्ये अभ्यास झाला, त्यात दिवसाला ३,८०० पावलांपासूनच स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांश कमी दिसलं आणि ९,८०० च्या आसपास सर्वांत कमी. हे निरीक्षण आहे, धडधाकट माणसं जास्त चालतात म्हणूनही आकडे असे दिसू शकतात. तरी दहा हजारांच्या हट्टापायी कुणी घरी बसू नये, एवढं त्यातून नक्की घ्या.

यजमानांना सांगा, शतपावली आजोबांच्या काळातली म्हणून सोडू नका. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं की साखरेची उडी कमी होते, फक्त शंभर पावलांवर थांबू नये. ते मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेत असतील तर त्यांचंही बी-१२ एकदा बघा, ती गोळी बरीच वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं. दुकानात बसूनच राहायचं असेल तर गल्ल्यावरून उठून माल स्वतः काढून द्यायला काय हरकत आहे?

मुलाची कबड्डी मात्र उद्या सुरू करा. ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी, आणि दहावीचं वर्ष त्याला अपवाद नाही. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांना २० मिनिटं चालवून मग चाचणी दिली, तेव्हा त्यांचं लक्ष बसून राहिल्यानंतरच्या चाचणीपेक्षा चांगलं लागलं. मुलं थोडीच होती, पण आपला अनुभवही तोच आहे. कबड्डीत समोरच्या सात जणांवर नजर, श्वास धरून मोजलेला वेळ, क्षणात बदलायचा डाव. कुठल्या क्लासमध्ये हे शिकवतात? मैदान बंद केलेला मुलगा तो तास पुस्तकाला देत नाही, मोबाइलला देतो. चिडचिड महिन्याभरात कमी झाली नाही, झोप-जेवण बिघडलं किंवा तो गप्प गप्प राहायला लागला, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

ट्रेडमिल घेऊ नका. हप्ते दोन वर्षं चालतात, ती दोन महिने चालते, नंतर तिच्यावर सोलापुरी टॉवेल वाळत घालतात. आप्पांसाठी तर ती धोक्याचीच, पट्टा सरकतो आणि तोल जातो. त्या पैशांतून आधी आप्पांचे कान तपासा आणि लागलं तर कानाचं यंत्र घ्या, उरलेल्यांतून चौघांना चालायचे बूट. बूट संध्याकाळी मापा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. आप्पांना नाड्यांऐवजी पट्ट्याचे, तळ न घसरणारे घ्या. यजमानांना शुगर आहे, तर त्यांच्या बुटात शिवण आतून टोचत नाही ना ते हात घालून बघा, आणि फिरून आल्यावर तळवे रोज तपासायला सांगा.